जॅनिस जॉप्लिन : पडद्यावर राहिलेला आवाज

1967 सालच्या जून महिन्यांतील गोष्ट आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यांतील मॉन्टेरे या गांवीं, तारीख 16 ते 18 असा तीन दिवस एक मोठा संगीत-महोत्सव भरला होता. शनिवारीं दुपारीं सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला एक वाद्यवृंद रंगमंचावर आला. ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ असें त्याचें कांहींसें विचित्र नांव. त्यांत गाणारी मुलगी 24 वर्षांची, मूळची टेक्ससची; सॅन फ्रान्सिस्कोच्या बाहेर तिला ओळखणारे फार थोडे होते. ती गाऊं लागली आणि समोरचा सारा जनसमुदाय थक्क होऊन गेला. महोत्सवाचें चित्रण करण्यासाठीं आलेली मंडळी कॅमेरे घेऊन तेथें हजर होती. परंतु ऐन या वेळीं त्यांना स्वस्थ बसावें लागलें. मोबदल्याशिवाय चित्रण करूं द्यावयाचें नाहीं, असा त्या वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाचा हट्ट होता.

गाणें संपल्यावर काय हातचें गेलें हें सर्वांच्याच ध्यानांत आलें. बरीच बोलाचाली झाली, अखेर संमति मिळाली, आणि दुसऱ्या दिवशीं रविवारीं सायंकाळीं केवळ चित्रणाकरितां म्हणून या मंडळींना पुन्हां रंगमंचावर बोलावण्यांत आलें. आज जॅनिस जॉप्लिन हें नांव उच्चारलें कीं जें चित्र लोकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, तें या दुसऱ्या वेळचें आहे. पहिल्या वेळीं ती कशी दिसली, हें त्या दुपारीं जे तेथें होते त्यांसच ठाऊक.

श्रोतेहो, आज मला जें सांगावयाचें आहे तें या एका प्रसंगांतून निघतें. पूर्वीं गवई गेला कीं त्याचें गाणेंही त्याच्याबरोबर जात असे. ध्वनिमुद्रिका आली आणि आवाज मागें राहूं लागला. चित्रपट आला आणि गाणाराची मूर्तिही मागें राहूं लागली. पण ती आपोआप राहत नाहीं. कोणी तरी परवानगी द्यावी लागते, कोणी तरी पैसा घालावा लागतो, आणि पुढें कित्येक वर्षें कोणी तरी फिल्मचे डबे सांभाळावे लागतात. 1970 सालीं, अवघ्या 27 व्या वर्षीं, ही गायिका वारली. तिचें जें चरित्र आपण आज पडद्यावर पाहतों, तें अशा परवानग्यांनीं आणि नकारांनीं घडविलेलें आहे; आणि तें पाहतांना ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

प्रथम त्या मॉन्टेरेच्या चित्रपटाकडे वळूं. डी. ए. पेनबेकर हे त्याचे दिग्दर्शक. बॉब डिलन या गायकाच्या इंग्लंडमधील दौऱ्यावर त्यांनीं केलेला चित्रपट नुकताच पुरा झालेला होता. मॉन्टेरेचें काम एका दूरचित्रवाणी-कंपनीसाठीं म्हणून सुरू झालें. पण कंपनीनें तें नाकारलें, आणि 1968 सालीं तो चित्रपट थिएटरांतून दाखविण्यांत आला. त्याची लांबी पुरता दीड तासही नाहीं. त्यांत निवेदक नाहीं, मुलाखती जवळजवळ नाहींत. गाणारे येतात, गातात आणि जातात. जलशाचा चित्रपट आणि अनुबोधपट यांतील भेद येथें स्पष्ट होतो. अनुबोधपट आपणांस सांगतो कीं हें असें कां झालें. जलशाचा चित्रपट कांहींच सांगत नाहीं, तो तेवढा वेळ आपणांस तेथें नेऊन बसवितो.

हें साधलें तें एका यांत्रिक सुधारणेमुळें. त्यापूर्वीं चित्र आणि आवाज एकाच वेळीं घ्यावयाचे म्हणजे जड यंत्रें एका जागीं मांडून बसावें लागे. 1960 च्या सुमारास पेनबेकर, रिचर्ड लीकॉक वगैरे मंडळींनीं खांद्यावर घेऊन फिरतां येईल असा 16 मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशीं बरोबर जुळून चालणारें हलकें ध्वनिमुद्रणयंत्र तयार करविलें. त्यामुळें कॅमेरावाला रंगमंचाच्या कडेला, गाणाराच्या पायांशीं जाऊन उभा राहूं शकला. पण 400 फुटी रिळांत 16 मिलिमीटरची फिल्म सुमारें 11 मिनिटेंच पुरते. तेव्हां कोणतें गाणें घ्यावयाचें आणि कोणतें सोडावयाचें, हें गाणें चालूं असतांनाच ठरवावें लागे. चूक झाली तर ती दुरुस्त करतां येत नसे. जॅनिसच्या वांट्याला दुसरी संधि आली, ही अगदीं अपवादाची गोष्ट होय.

त्या रविवारीं सायंकाळीं तिनें सोनेरी चकाकीचा विणीचा पोषाख घातला होता. गाणें सुरू होतें तें अगदीं हळूं, जवळजवळ कुजबुज. कॅमेरा एकदां तिच्या चेहऱ्यावर, एकदां तिच्या पावलांवर जातो. टांच फळीवर आपटत असते. मग एकाएकीं तो आवाज फुटतो. फुटतो हा शब्द मी जाणूनबुजून वापरतों. आपल्याकडे गळा गोड असावा, निर्मळ असावा, अशी अपेक्षा असते. आणि या आवाजांत तर सुरांबरोबर चरे, खरखर, किंकाळी सर्व कांहीं येतें. ज्यांच्या कानांना तें सोसत नाहीं त्यांचा मी दोष मानीत नाहीं. पण थोडें थांबून ऐकावें. ही किंकाळी भलत्याच ठिकाणीं येत नाहीं. तिच्या आधीं वाद्यें थांबतात, आवाज खालीं येतो, एक शब्द पुन्हां पुन्हां घोळला जातो, आणि मगच ती चढते. पुढें प्रेक्षकांत बसलेली कॅस इलियट ही त्या काळची नामांकित गायिका दिसते; तिचें तोंड आश्चर्यानें उघडें राहिलेलें आहे आणि ओठांवर आवाज न करतां एक उद्गार उमटतो. जॅनिस जॉप्लिनच्या कीर्तीचा पुरावा म्हणून लोक हा एका सहकलावतीचा चेहराच दाखवितात, आणि तें बरोबर आहे. गाणें संपतें, ती वांकून नमस्कार करते आणि एखाद्या लहान मुलीप्रमाणें उड्या मारीत आंत पळते. त्या उडीकडे माझें लक्ष नेहमीं जातें.

हें गाणें तिचें स्वतःचें नव्हतें. तें विली मे ऊर्फ ‘बिग मामा’ थॉर्न्टन या कृष्णवर्णी गायिकेनें रचलें होतें. बिग ब्रदरच्या मंडळींनीं तें थॉर्न्टनच्या तोंडून ऐकलें, तिची परवानगी घेतली आणि लय संथ करून आपल्या पद्धतीनें बसविलें. येथें एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळूं नये. ज्या ब्लूज संगीतानें जॅनिसला घडविलें तें अमेरिकेंतील निग्रो समाजाच्या दुःखांतून आणि कौशल्यांतून निर्माण झालें; त्या संगीताच्या बळावर एका गोऱ्या मुलीस जें यश लाभलें, तें मूळ गाणारणींना मिळालें नाहीं. जॅनिसला याची जाणीव होती. आपणांस गाणें बेसी स्मिथनें शिकविलें, असें ती उघड म्हणत असे. 1937 सालीं मोटार-अपघातांत वारलेल्या बेसी स्मिथच्या, फिलाडेल्फियाजवळील, कबरीवर 33 वर्षें साधा दगडही नव्हता. तो 1970 सालच्या ऑगस्टमध्यें बसविण्यांत आला, आणि त्याचा खर्च जॅनिसनें व जुअनिटा ग्रीन या बाईंनीं वांटून घेतला. ऋण फिटलें असें म्हणतां येणार नाहीं. पण तें कोणाचें आहे हें तिनें दगडावर लिहून ठेवण्यास साहाय्य केलें.

याच चित्रपटाबद्दल आपल्या लोकांना अभिमान वाटण्याजोगी एक गोष्ट ओघानें सांगून टाकतों. त्याचा शेवट जॉप्लिननें होत नाहीं, कीं गिटार जाळणाऱ्या जिमी हेन्ड्रिक्सनें होत नाहीं. तो होतो पंडित रविशंकर यांच्या सतारीनें आणि उस्ताद अल्लारखा यांच्या तबल्यानें. तें वादन पाव तासाहूनही अधिक वेळ चालतें. आरंभीं कित्येक मिनिटें वादक दिसतच नाहींत. नुसते ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसतात. पेनबेकर यांना ऐकणें हेंही चित्रणाचा विषय वाटत असे, हें त्यावरून कळतें.

आतां ही मुलगी आली कोठून तें पाहूं. तिचा जन्म 19 जानेवारी 1943 रोजीं टेक्ससमधील पोर्ट आर्थर येथें झाला. तेलशुद्धीच्या कारखान्यांचें तें गांव. वडील तेल-कंपनींत नोकरीस, घरांत पुस्तकांचा नाद, धाकटी बहीण आणि धाकटा भाऊ; चारचौघांसारखें सुखवस्तु कुटुंब. पण शाळेंत हिचें कोणाशीं जमलें नाहीं. रूपावरून, अंगावरील फोडांवरून, आणि कृष्णवर्णी लोकांना वेगळें ठेवण्याच्या रीतीविरुद्ध बोलल्यावरून मुलांनीं तिला सळो कीं पळो करून सोडलें. ऑस्टिनच्या विद्यापीठांत गेली तर तेथें ‘सर्वांत कुरूप पुरुष’ निवडण्याच्या एका थट्टेच्या स्पर्धेंत कोणी हिचें नांव घातलें. 1963 सालीं ती सॅन फ्रान्सिस्कोस पळाली. 1965 सालीं नशेच्या औषधांनीं अस्थिपंजर होऊन घरीं परतली. मग वर्षभर तिनें केंस बांधले, साधे कपडे घातले, कॉलेजांत नांव घातलें आणि घरच्यांना हवी तशी मुलगी होण्याचा मनापासून प्रयत्न केला. 1966 च्या जूनमध्यें सॅन फ्रान्सिस्कोहून बोलावणें आलें आणि ती पुन्हां गेली.

मॉन्टेरेनंतर कीर्ति वेगानें आली. 1968 च्या ऑगस्टमध्यें निघालेली ‘चीप थ्रिल्स’ ही ध्वनिमुद्रिका आठ आठवडे अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिनें बिग ब्रदरची संगत सोडली, दुसरा ताफा उभा केला, मग तिसरा. त्या सर्व घडामोडींचा तपशील येथें देत नाहीं.

1969 च्या ऑगस्टांत वुडस्टॉकचा तो जगप्रसिद्ध महोत्सव झाला. जॅनिस तेथें मध्यरात्र उलटून गेल्यावर गाइली. 1970 सालीं निघालेल्या तीन तासांच्या चित्रपटांत मात्र ती गातांना कोठेंच दिसत नाहीं. त्या रात्रींच्या गाण्यानें तिचें स्वतःचें समाधान झालें नव्हतें. पुढें 1994 सालीं चित्रपटाची वाढविलेली आवृत्ति निघाली तेव्हां तिचें एक गाणें त्यांत घालण्यांत आलें. म्हणजे 24 वर्षें, जणूं ती तेथें गेलीच नव्हती. मला तें गाणें वाईट वाटत नाहीं. थकवा आहे खरा, पण थकलेल्या गळ्यांतूनही ती काय काढूं शकत होती हें त्यांत दिसतें. पण कलावंतानें आपलें नावडतें काम झांकून ठेवलें असतां तें मरणोत्तर उघडें करावें काय? माझ्याजवळ याचें सरळ उत्तर नाहीं. मी तें पाहिलें, आणि पाहिल्याचा आनंदही झाला, इतकेंच कबूल करतों.

1970 च्या उन्हाळ्यांत टोरांटोपासून कॅल्गरीपर्यंत एक खास आगगाडी निघाली. गाडीभर गाणारे-वाजविणारे, वाटेंत तीन शहरीं जलसे. त्याचें चित्रण झालें, पण पैशांच्या भानगडींत तें अडकलें आणि रिळें कित्येक वर्षें पडून राहिलीं. ‘फेस्टिव्हल एक्स्प्रेस’ या नांवानें चित्रपट निघाला तो 2003 सालीं. त्यांत ती रंगमंचावर गाते तें उत्तम आहेच. पण रात्रीं चालत्या गाडीच्या डब्यांत चारदोन सोबत्यांबरोबर, मद्याचे प्याले हातांत घेऊन, बेफिकीर होऊन जुनें गाणें म्हणत बसते, तो भाग मला अधिक मोलाचा वाटतो. तेथें तिला कोणास जिंकावयाचें नाहीं. इतर सर्व चित्रणांत ती कोणाला तरी जिंकीत असते.

याच्या पांच-सहा आठवड्यांनंतर, 14 ऑगस्टला, ती पोर्ट आर्थरला गेली. शाळा सोडून दहा वर्षें झाल्याबद्दल वर्गबंधूंचें संमेलन होतें. ज्यांनीं मला वर्गांतून, गांवांतून आणि राज्यांतून हंसून घालवून दिलें त्यांना भेटावयास जात आहें, अशा अर्थाचें तिनें आधींच दूरचित्रवाणीवर सर्व देशाला सांगून टाकलें होतें. केंसांत रंगीत पिसें, डोळ्यांवर मोठा रंगीत चष्मा, अशा थाटांत ती आली. वार्ताहरांनीं प्रश्न विचारले. तें चित्रण उपलब्ध आहे. आरंभीं ती ऐटींत आहे, उत्तरें चटपटीत येतात, लोक हंसतात. मग कोणी तरी शाळेंतल्या दिवसांविषयीं विचारतो, नृत्यसमारंभाविषयीं विचारतो. तिला कोणी बोलावलेंच नव्हतें, असें ती सांगते. सांगतांना थट्टेचाच सूर आहे; पण मध्येंच आवाज अडखळतो, चेहऱ्यावरचें हंसें क्षणभर तसेंच राहतें आणि त्याच्या मागचें सर्व कांहीं निघून जातें. एवढी गर्दी जिंकलेली बाई त्या टेबलाशीं पुन्हां सोळा वर्षांची झालेली असते. संमेलनांत तिला एक बक्षीसही मिळालें : सर्वांत लांबून आल्याबद्दल मोटारीचें एक टायर.

हें चित्रण 1974 सालच्या ‘जॅनिस’ या अनुबोधपटांत आहे. हॉवर्ड आल्क यांनीं तो जुळविला. त्यांत निवेदक नाहीं. जलसे, मुलाखती, तालमी यांच्याच तुकड्यांतून तो उभा केला आहे. ध्वनिमुद्रणशाळेंत ‘समरटाइम’ हें गाणें बसवितांनाचा एक भाग त्यांत आहे. तो संगीताची आवड असणाऱ्यानें अवश्य पाहावा. एकेका जागेवर चर्चा होते, मतभेद होतात, पुन्हां म्हणून पाहिलें जातें. बेभान होऊन किंचाळणारी बाई अशी जी तिची ख्याति आहे, तिच्याशीं हें दृश्य जुळत नाहीं. मात्र तिच्या व्यसनाविषयीं आणि मृत्यूविषयीं हा चित्रपट फारसें बोलत नाहीं. आईबाप हयात होते. जखम ओली होती. त्या मौनाबद्दल टीकाकारांनीं त्याला नांवें ठेवलीं. मला तें मौन क्षम्य वाटतें.

संमेलनानंतर दोन महिनेही झाले नाहींत. 4 ऑक्टोबर 1970 रोजीं हॉलिवूडमधील एका हॉटेलाच्या खोलींत हेरॉइनच्या अतिमात्रेनें तिचा अंत झाला. ती त्या वेळीं नव्या ध्वनिमुद्रिकेचें काम करीत होती. 1979 सालीं ‘द रोझ’ नांवाचा एक कथापट निघाला, त्याचें मूळ तिच्याच चरित्रांत होतें. कुटुंबाची संमति न मिळाल्यानें नांवगांव बदलून कथा सांगितली गेली. व्यसन, एकटेपण, मृत्यु हा सांचा तेव्हांपासून पक्का झाला. यापुढें कोणताही गायक तरुणपणीं वारला कीं लोक त्याचें चरित्र याच सांच्यांत ओततात, आणि मग त्याच्या प्रत्येक गाण्यांत मृत्यूची चाहूल ऐकूं येऊं लागते. मला हें ऐकणें खोटें वाटतें. मॉन्टेरेच्या त्या उडींत मृत्यूची कसली चाहूल?

हा सांचा मोडण्याचें काम पत्रांनीं केलें. जॅनिस घरीं नियमित पत्रें लिहीत असे. बहीण लॉरा जॉप्लिन हिनें 1992 सालीं ‘लव्ह, जॅनिस’ या पुस्तकांतून तीं प्रसिद्ध केलीं. पुढें एमी बर्ग या दिग्दर्शिकेनें ‘जॅनिस : लिटल गर्ल ब्लू’ हा अनुबोधपट त्याच पत्रांच्या आधारें केला, तो 2015 सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत प्रथम दाखविण्यांत आला. पत्रें वाचण्याचें काम ‘कॅट पॉवर’ या नांवानें गाणाऱ्या गायिकेनें केलें आहे. तिचा वाचनाचा स्वर शांत, किंचित् घोगरा, नाटकीपणा नसलेला आहे.

1966 सालीं घर सोडून गेल्यावर तिनें आईवडिलांना लिहिलेलें पत्र मोठ्या संकोचानें लिहिलेलें आहे. पुढच्या पत्रांत नवे कपडे, नवें घर, कुत्रा, मिळालेले पैसे, वर्तमानपत्रांत आलेली स्तुति. सर्व कांहीं घरीं कळवावयाची घाई. हजारों लोकांसमोर उभी राहून बंधनें झुगारून देणारी ही बाई घरच्यांनीं शाबास म्हणावें म्हणून इतकी आतुर होती, हें जलशाच्या चित्रपटांतून कधींच कळलें नसतें. आणि पत्रांतून तिचा आवाज कधींच कळला नसता. दोन्ही पुरावे खरे आहेत, आणि एकमेकांशीं जुळत नाहींत. बर्गबाईंनीं ते जुळविण्याचा अट्टाहास फारसा केलेला नाहीं, हा त्यांच्या चित्रपटाचा मोठा गुण होय. माझी एकच तक्रार आहे. भाऊ, बहीण, जुने सोबती इतके बोलतात कीं गाणीं मध्येंच तोडावीं लागतात. शेवटीं शेवटीं एक तार येते. ब्राझीलमध्यें भेटलेल्या, तिला व्यसनापासून दूर ठेवूं पाहणाऱ्या एका तरुणानें पाठविलेली ती तार तिच्या मृत्यूच्या वेळीं हॉटेलांत तशीच पडून होती.

ज्यांना हे चित्रपट पाहावयाचे असतील त्यांनीं आधीं मॉन्टेरेचा पाहावा, मग आगगाडीचा, आणि पत्रांचा सर्वांत शेवटीं. उलट क्रमानें पाहिल्यास गाण्याआधीं मृत्यु दिसूं लागतो. आणि जमल्यास ‘पर्ल’ ही ध्वनिमुद्रिकाही मिळवावी. ती अपुरी असतांनाच जॅनिस गेली. सोबत्यांनीं आणि निर्माता पॉल रॉथचाइल्ड यांनीं ती पुरी करून 1971 च्या जानेवारींत बाहेर काढली. तिच्या पहिल्या बाजूचें शेवटचें गाणें तिनें गावयाचें होतें. वाद्यांचें मुद्रण आधीं झालें होतें, तिचा आवाज दुसऱ्या दिवशीं घ्यावयाचा होता. दुसऱ्या कोणाचा आवाज न घालतां तें तसेंच ठेवण्यांत आलें आहे. गिटार आहे, पियानो आहे, ऑर्गन आहे. अडीच मिनिटें वाद्यें वाजतात आणि बाजू संपते.